ताळेबंद जुळला, बूट जुळले नाहीत

प्रश्न : मी 48 वर्षांची असून एका कंपनीच्या लेखा विभागात गेली 19 वर्षे काम करते. दोन आठवड्यांपूर्वी वार्षिक हिशेब संचालकांपुढे मांडायचा होता, म्हणून पहाटे लवकर उठून तयार झाले. पती झोपलेले असल्यामुळे खोलीत दिवा लावला नाही. सकाळी चालताना पाय किंचित अडखळतो आहे असे वाटले होते, पण डोक्यात आकडेच घोळत होते. सभा सुरू होऊन तासभर झाल्यावर पायावर पाय टाकून बसले, तेव्हा दिसले की उजव्या पायात काळा बूट आहे आणि डाव्या पायात गडद निळा. एकाचे बक्कल गोल, दुसऱ्याचे चौकोनी आणि टाचांच्या उंचीत जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक. उरलेला दिवस मी पाय खुर्चीखाली दडवून काढला आणि मधल्या सुट्टीतही जागेवरून उठले नाही. माझ्या हाताखाली काम करणारी एक मुलगी माझ्याकडे पाहून हसली, ते हसू अजून डोळ्यांपुढून हलत नाही. घरी सांगितल्यावर पतींनी तो किस्सा आल्यागेल्याला ऐकवायला सुरुवात केली आहे. दोन्ही जोड मी खोक्यात घालून माळ्यावर टाकले आहेत. सगळ्यांनी पाहिले असेल का? आता सहकाऱ्यांना काही सांगावे का? आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे? माझ्या मावशीला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे जरा धास्तीही वाटते.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न तुम्ही विचारले त्या क्रमाने मी घेणार नाही, कारण जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलेली मावशींची गोष्टच मला तुमच्या पत्रातली सर्वांत जड गोष्ट वाटली. बुटांची लाज ही आठ-पंधरा दिवसांत आपोआप विरणारी गोष्ट आहे. पण तिच्या आडून एखादी धास्ती घरात शिरली, तर पुढे किल्ली कुठे ठेवली हे आठवले नाही किंवा एखाद्याचे नाव ओठांवर येऊन अडले की ती प्रत्येक वेळी डोके वर काढते. म्हणून आधी तिच्याविषयी.

त्या पहाटे तुम्ही काहीही विसरला नव्हता. बूट कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक होते, सभा किती वाजता आहे हे ठाऊक होते, आणि कोणत्या पायात कोणत्या रंगाचा बूट होता, टाचांत किती फरक होता, हे दोन आठवड्यांनंतरही तुम्ही बिनचूक लिहून कळवले आहे. मनात साठवलेले पुढे सापडेनासे झाले तर त्याला आपण विसरणे म्हणतो. तुमच्या बाबतीत बूट घालण्याच्या क्षणी लक्षच ताळेबंदाकडे असल्यामुळे साठवण्याजोगे काही आतपर्यंत पोहोचलेच नव्हते. अशा चुका धडधाकट माणसांकडून इतक्या नेमाने होतात की डोनाल्ड ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1982 मध्ये त्यांच्यासाठी 25 प्रश्नांची एक प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. जळलेली काडी खिशात ठेवून काड्यापेटी फेकून देणे, या थाटाच्या चुका तुमच्याकडून किती वेळा होतात, असे तीत विचारलेले आहे. ज्या गोष्टीची प्रश्नावली करावी लागते ती गोष्ट फक्त तुमच्या घरात घडत नसणार, एवढे तरी त्यावरून खुशाल मानावे.

स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी अशी लक्षणे निराळी असतात. तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारला जातो आणि आधी विचारल्याचे आठवतच नाही. रोजच्या पायाखालच्या वाटेवर माणूस चुकू लागतो. वर्षानुवर्षे हातचा मळ असलेले काम, म्हणजे तुमच्या बाबतीत एखाद्या खात्याचा ताळा घेणे, अवघड होऊन बसते. आणि हे सगळे महिनोन्महिने वाढत जाते. पुष्कळदा हे बदल त्या व्यक्तीच्या आधी घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या लक्षात येतात. तुमच्या पत्रात यांतले काहीच नाही. उलट ज्या दिवशी बूट चुकले त्याच दिवशी तुम्ही वर्षाचा हिशेब संचालकांपुढे मांडलात, आणि त्यात काही चुकल्याचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. चुकले असते तर तुम्ही मला बुटांविषयी लिहिले नसते. तरीही मनातली पाल चुकचुकत राहिली, किंवा असे प्रकार वरचेवर होऊ लागले, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन मावशींच्या आजारासह सगळे सांगावे. अपुरी झोप, थायरॉइडचे विकार, बी12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधे आणि रजोनिवृत्तीच्या आसपासचा काळ यांमुळेही लक्ष आणि आठवण ढिली पडू शकते, आणि त्यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. महत्त्वाच्या सभेच्या आदल्या रात्री तुम्ही किती तास झोपला होतात, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी अंदाज बांधू शकतो.

आता ते घडले कसे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण उपाय त्याच्यातच दडलेला आहे.

जेम्स रीझन हे मानवी चुकांचे मोठे अभ्यासक. विमानवाहतुकीपासून रुग्णालयांपर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्या विचारांचा आधार घेतला जातो. त्यांचे या विषयाकडे लक्ष कसे गेले, ते त्यांनी स्वतःच सांगितले आहे: ते चहा करत होते, शेजारी भुकेले मांजर ओरडत होते, आणि त्यांनी मांजराचे खाणे नेटकेपणाने चहाच्या किटलीत घातले. दोन्ही कामे त्यांच्या हाताला पाठ होती, दोन्हींत एका भांड्यात काहीतरी घालायचे होते, आणि मन दोहोंपैकी एकाही कामावर नव्हते. अशा चुका नवशिक्यापेक्षा सराईत माणसाकडून अधिक होतात. ज्याला बूट घालणे हेच मुळात अवघड काम आहे ते लहान मूल प्रत्येक बुटाकडे टक लावून पाहते; तुम्ही मात्र चाळीसएक वर्षे बूट घालत आला आहात, त्यामुळे ते काम तुमच्या हातांनी तुम्हाला न विचारता उरकले.

डोनाल्ड नॉर्मन यांनी 1981 मध्ये अशा चुकांचे जे प्रकार मांडले, त्यांतला एक तुमच्या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतो. हात एखादी वस्तू उचलतो तेव्हा मन त्याला त्या वस्तूचे वर्णन पुरवते. ते वर्णन अपुरे असले की त्यात बसणारी शेजारची वस्तू हाती येते आणि हाताला त्यात काही गैर वाटत नाही. तुमच्या हाताला त्या पहाटे मिळालेले वर्णन बहुधा इतकेच असावे: गडद, पुढून निमुळता, बक्कल असलेला, कामावर जाण्याचा, डाव्या पायाचा. निळा बूट या वर्णनात चोख बसतो. त्याला बक्कलाऐवजी नाडी असती, तर हात तिथेच थबकला असता. म्हणजे तुमच्या चुकीचे बीज त्या पहाटेच्या कितीतरी आधी, बहुधा तो निळा जोड विकत घेताना पेरले गेले. काळ्यासारखाच दुसरा जोड आपण का घेतो, हे मला कधी कळलेले नाही. पण माझ्याही कपाटात असे दोन आहेत.

त्यात अंधाराची भर पडली. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशींना रंगांतला भेद सांगता येत नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो, पण सरावल्यावरही त्यांना आकार दिसतात, रंग दिसत नाहीत. त्या खोलीत तुमचे दोन्ही बूट, अगदी शास्त्रीय अर्थाने, एकाच रंगाचे होते. कोपऱ्यातला एखादा पिवळसर दिवा लावला असतात तरी फारसा फरक पडला नसता, कारण त्या प्रकाशात निळा अंश इतका थोडा असतो की गडद निळ्या चामड्यावरून परत येण्यासारखे काही उरत नाही आणि ते काळेच दिसते. निळे आणि काळे मोजे याच कारणाने घरात जुळतात आणि उन्हात गेल्यावर भांडू लागतात.

राहिला पायाचा प्रश्न. टाचांत एक सेंटिमीटरचा फरक असताना कळले कसे नाही, असे तुम्हाला वाटले असेल. कळले होते, पाय अडखळतो आहे असे तुम्हीच लिहिले आहे. परंतु त्वचेतल्या स्पर्शाच्या बऱ्याच पेशी बदलाची बातमी देतात आणि बदल थांबला की गप्प होतात, म्हणूनच अंगावरचे कपडे आपल्याला दिवसभर जाणवत नाहीत. पहिल्या काही मिनिटांत बातमी आली, ती वाचायला कोणी मोकळे नव्हते, आणि मग ती येणे बंद झाले. एका दिवसाच्या अशा चालण्याने काही अपाय होत नाही, फार तर संध्याकाळी पोटरी किंवा कंबर थोडी कुरकुरते. पाय मोडल्यावर जाड तळाचा आधारबूट आठवडेच्या आठवडे घालावा लागणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दुसऱ्या बुटाची उंची वाढवून घेण्याचा सल्ला दिला जातो तो याच कारणाने.

आता तुमचा पहिला प्रश्न. सगळ्यांनी पाहिले असेल का?

चोराच्या मनात चांदणे, असे आपण म्हणतो. अपराधी मनाला भर अंधारातही आपण लख्ख उजेडात उभे आहोत असे वाटते, हे त्या म्हणीने मोजक्या शब्दांत सांगितले आहे. थॉमस गिलोविच, व्हिक्टोरिया मेडवेक आणि केनेथ सॅवित्स्की या तीन संशोधकांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेच प्रत्यक्ष मोजले. त्यांनी काही विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला, जो त्या वयात घालून मिरवणे विद्यार्थ्यांना लाजिरवाणे वाटत होते, आणि मग त्यांना इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवले. शर्टावर कोणाचे चित्र आहे हे किती जणांना सांगता येईल, असे विचारल्यावर त्यांचा अंदाज सुमारे निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात ते सुमारे चौथ्या हिश्श्याला सांगता आले. आणि हे डोळ्यांसमोर, छातीवर असलेल्या मोठ्या चित्राविषयी होते. तुमची बक्कले जमिनीपासून चार बोटांवर, आणि दिवसातला बराच वेळ टेबलाच्या आड होती.

डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांचा 1998 मधला प्रयोग तर याहून गमतीदार आहे. एक माणूस वाटसरूला पत्ता विचारतो, बोलणे चालू असताना दोघे जण एक मोठे दार घेऊन त्या दोघांच्या मधून जातात, आणि त्या आडोशाने पत्ता विचारणारा बदलून त्याच्या जागी दुसराच माणूस उभा राहतो. निम्म्याच्या आसपास वाटसरूंना आपण आता वेगळ्याच माणसाशी बोलतो आहोत हे कळलेच नाही. समोरचा अख्खा माणूस बदललेला ज्यांच्या ध्यानात येत नाही, त्यांनी तुमच्या टाचांची तुलना केली असेल, हे मला जरा अवघड दिसते.

तरीही कोणीच पाहिले नसेल असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे आश्वासन होईल. काहींनी पाहिले असेल. तुमच्या हाताखालच्या त्या मुलीनेही पाहिले असेल, किंवा ती दुसऱ्याच कशाला तरी हसली असेल, किंवा सभा आटोपल्यावर वरिष्ठांकडे पाहून माणसे जशी हसतात तशी हसली असेल. तुमच्या पत्रावरून मला ते ठरवता येत नाही आणि खरे पाहता तुम्हालाही येत नाही. मात्र तिने पाहूनही दोन आठवड्यांत कोणाला काही सांगितल्याचे तुमच्या कानावर आलेले नाही. तसे असेल, तर त्या मुलीला थोडे श्रेय द्यायला हरकत नाही. वर उल्लेख केलेल्या संशोधकांपैकी दोघांनी निकोलस एप्ली यांच्यासह 2001 मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात आढळले की आपली फजिती पाहणारे आपल्याविषयी जितके कठोर मत करून घेतील असे आपण धरून चालतो, तितके ते करून घेत नाहीत. तुम्हीच आठवून पाहा: गेल्या वर्षभरात तुमच्या कोणत्या सहकाऱ्याने उलटा स्वेटर घातला होता किंवा कोणाच्या शर्टाची बटणे वरखाली लागली होती? आठवलेच तर त्या आठवणीत तुच्छता किती आहे?

एक गोष्ट मात्र तुमची चुकली. तुम्ही पाय दडवले. माणूस दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेतो, ही आपल्या सर्वांची जन्मजात खोड आहे, त्यामुळे जो वारंवार खाली स्वतःच्या पायांकडे पाहतो तो समोरच्यालाही तिकडेच बघायला लावतो. खुर्चीखाली आवळून धरलेले पाय, सुट्टीतही न सोडलेली जागा, घाईघाईने बंद केलेले संभाषण, हे सगळे बुटांपेक्षा जास्त दिसले असणार. मला हे अनुभवाने ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानाला जाताना माझ्या एका बुटाची नाडी सुटली, ती मी वाकून बांधली आणि सवयीने हात दुसऱ्या पायाकडे नेला, तर तिथे नाडीच नव्हती. एका पायात नाडीचा बूट आणि दुसऱ्यात नुसता सरकवून घालायचा. परत फिरण्याइतका वेळ नव्हता. व्याख्यानभर मी त्या उंच मेजाच्या मागून हललो नाही, फळ्यावर आकृती काढायची होती तीही टाळली, आणि शेवटी एका श्रोत्याने अत्यंत काळजीच्या स्वरात विचारले की आज तुमचा पाय दुखतो आहे का. माझे बूट कोणी पाहिले नव्हते. माझे लपणे सगळ्यांनी पाहिले होते.

तेव्हा पुढे कधी असे झालेच, आणि लक्षात आल्यावर घरी जाऊन बदलण्याइतका वेळ असेल, तर जावे. नसेल, तर नेहमीसारखे चालावे, उठावे, बसावे. समोरच्याने विचारलेच, तर हसून कबूल करावे. मुद्दाम घातले, हल्ली अशीच फॅशन आहे, असे मात्र सांगू नये. मुद्दाम विजोड बूट घालणारी मंडळी असतात हे खरे, पण ती सभेत पाय लपवून बसत नाहीत, आणि एकदा हे सांगितले की ते निभावण्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच जावे लागते.

आता सहकाऱ्यांना सांगावे का? दोन आठवड्यांनंतर मुद्दाम सर्वांना गोळा करून खुलासा करण्याचे काहीच कारण नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते दाखवणे होईल आणि ज्यांनी पाहिले त्यांना तुम्ही दोन आठवडे तेच उगाळत होतात हे कळेल. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती आयुष्यभर आवळून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण मूठ आवळून ठेवायला श्रम पडतात. मधला मार्ग असा की एक वाक्य तयार ठेवावे आणि त्या सभेचा विषय आपोआप निघेल तेव्हा ते सहज सोडून द्यावे: "त्या दिवशी ताळेबंद जुळला, माझे बूट मात्र जुळले नव्हते." एवढेच. मागे क्षमायाचना नको, पहाटेची आणि अंधाराची कैफियत नको. एलियट अरॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये केलेल्या एका प्रयोगात, प्रश्नमंजूषेत जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर देणाऱ्या उमेदवाराने अंगावर कॉफी सांडल्याचे ऐकल्यावर श्रोत्यांना तो अधिक आवडू लागला. बेताची उत्तरे देणाऱ्याने कॉफी सांडली तेव्हा मात्र तो आणखी नावडता झाला. यावरून लोकांना आवडण्यासाठी चुका कराव्यात असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण 19 वर्षे ज्यांचे हिशेब चोख आहेत अशा बाईंनी स्वतःच्या बुटांवर एकदा हसणे, हे तुमच्या हाताखालच्या मंडळींना तुमच्याशी बोलायला थोडे सोपेच करील. त्या मुलीसमोर हे वाक्य बोलण्याची संधी मिळाली तर ती दवडू नका. दोन आठवडे छळणारे ते हसू काय होते, हे तुम्हाला तिच्या पुढच्या हसण्यावरून बहुधा कळेल.

पतींविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि ती लिहिताना तुम्ही रागावलेल्या होतात असे मला वाटले. हा राग मला रास्त वाटतो. आपली फजिती आपण सांगणे आणि ती दुसऱ्याने आपल्यादेखत सांगणे यांत मोठे अंतर आहे. आपण सांगतो तेव्हा कुठे थांबायचे ते आपल्या हाती असते. दुसरा सांगतो तेव्हा आपल्याला नुसते बसून हसू आल्यासारखे करावे लागते. शिवाय ते हा किस्सा अर्धाच सांगत असणार. खोलीत दिवा का लावला नव्हता, हे ते पाहुण्यांना सांगतात का? त्यांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही अंधारात चाचपडत तयार झालात, म्हणूनच निळा आणि काळा यांतला भेद तुम्हाला दिसला नाही. किस्सा खरा सांगायचा तर त्यात तेही एक पात्र आहेत, आणि गाढ झोपलेले पात्र आहेत. भांडण काढू नका. पाहुणे नसताना, शांतपणे, इतकेच सांगा की हा किस्सा तुम्ही सांगता तेव्हा मला ओशाळल्यासारखे होते, यापुढे तो सांगायचा झाला तर मी सांगेन, आणि दिव्याचा भाग गाळणार नाही. मराठीत पायातल्या वहाणांनाही जोडा म्हणतात आणि नवराबायकोलाही. तुमच्या पतींना विनोदाची एवढी आवड असेल, तर त्या शब्दावर त्यांना थोडा वेळ विचार करू द्यावा. त्यानंतरही ते थांबले नाहीत, तर मला पुन्हा लिहा, कारण मग तो बुटांचा प्रश्न राहणार नाही.

उरला बंदोबस्त. "यापुढे नीट लक्ष देईन" असा निश्चय करू नका. मन दुसरीकडे असतानाच ही चूक होते, त्यामुळे नेमक्या वेळी तो निश्चयही मनाबरोबर दुसरीकडेच असतो. त्याऐवजी चूक व्हायला जागाच ठेवू नये. ते दोन जोड एका खणात ठेवू नका. एक खालच्या खणात, दुसरा दुसऱ्या कपाटात किंवा त्याच्या खोक्यात, असे ठेवले की हात कितीही बेसावध असला तरी त्याला दोन कपाटे उघडावी लागतील. पहाटे निघायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, हवा तो जोड दाराशी काढून ठेवा आणि तिथला दिवा लावूनच तो घाला. दाराशी लावलेल्या दिव्याने आत कोणाची झोप मोडत नाही. एवढे केले तरी पुरे.

पण माझी आवडती युक्ती वेगळीच आहे. आपण बूट एकेक करून घालतो, आणि एकेकटा पाहिला तर तुमचा काळा बूट बरोबरच होता आणि निळाही बरोबरच होता. चूक दोहोंपैकी कोणत्याच बुटात नव्हती, ती त्यांच्या जोडीत होती, आणि ती जोडी तुम्ही तासाभराने पायावर पाय टाकेपर्यंत एकत्र पाहिलीच नव्हती. म्हणून पायात घालण्याआधी दोन्ही बूट एकाच हातात, टाचांच्या बाजूने, एकमेकांना टेकवून उचलायचे. टाचांतला एक सेंटिमीटर पायाला कळला नाही, तरी टाचा शेजारी शेजारी आल्या की बोटांना तत्काळ कळतो. दुसऱ्या हाताचा अंगठा दोन्ही बक्कलांवरून फिरवायचा. गोल आणि चौकोनी यांतला फरक ओळखायला दिवा लागत नाही. दोन सेकंदांचे काम आहे, आणि आठवडाभर केले की तेही तुमचे हात तुम्हाला न विचारता करू लागतील. हिशेबात दोन्ही बाजूंची बेरीज शेजारी मांडून ताळा घेण्याची सवय तुम्हाला आहेच.

तेव्हा या रविवारी माळ्यावरचे ते खोके खाली काढा, खिडकीपाशी उजेडात चारही बूट ओळीने मांडा, काळ्याजवळ काळा आणि निळ्याजवळ निळा ठेवून पुसून घ्या, निळा जोड दुसऱ्या कपाटात टाका, आणि सोमवारी काळा घालून कामावर जा. त्या चामड्यावर आता बरीच धूळ बसली असेल, तेव्हा पॉलिशची डबीही हाताशी असू द्या.